सीतापूर सोडलंय

अनुपने आम्हाला पाच दिवस दिले. हा माझा धाकटा भाऊ, नागपूरला असतो, आणि देण्याच्या बाबतीत त्याचं मन मोठं आहे. गेली चार वर्षं दर दिवाळीला तो फोनवर म्हणायचा, "दादा, मी येतो न नानांजवळ. तू न् वहिनी कुठंतरी फिरून या." आम्ही "बघू" म्हणायचो, तो "बघू नको, जाच" म्हणायचा, आणि मग एकदम संक्रांतीला तिळगुळाचा फोटो यायचा. या नोव्हेंबरात मात्र त्याने खरोखर रजा टाकली, रेल्वेच्या तिकिटाचा फोटो पाठवला, आणि आमच्या घरात घबराट उडाली.

घर म्हणजे लखनऊच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. त्यातल्या मोठ्या खोलीत माझे वडील, नाना, चार वर्षं अंथरुणाला खिळलेले. मुळात ठरलं होतं की नाना सहा महिने अनुपकडे राहतील, सहा महिने माझ्याकडे. अर्धांगाचा झटका आला तेव्हा आमचे सहा महिने चालू होते. अनुपचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे आमचे ते सहा महिने अजून संपायचे होते.

नानांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा मदतीला बाई यायची. रात्रीसाठी आम्ही पाच बायका ठेवून पाहिल्या. त्यांतली सगळ्यांत चिवट नऊ दिवस टिकली. तेव्हा रात्रीचे दहा, बारा, दोन आणि चार हे सगळे सुनेत्राकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. माझ्याकडे का नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला सकाळी बँकेत जायचं असतं, हे त्याचं उत्तर होतं, आणि ते चार वर्षं पुरलं.

नाना चंद्रपूरला वनखात्यात हेडक्लार्क होते. तीस वर्षं त्यांनी जंगलाच्या फायली सांभाळल्या. वाघ पाहिला तो ऑफिसच्या कॅलेंडरवर. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच वाक्य उरलं होतं. दाराची बेल वाजली की ते खोलीतून विचारायचे, "कोण आलं?" दूधवाला, बाई, मी, कुरिअरवाला, कुणीही असो. कोण आलं ते सांगितलं की डोळे मिटून घ्यायचे.

"पण एक अट आहे," अनुप फोनवर म्हणाला. "घरात बसायचं नाही. हजरतगंजच्या बाजारात जाऊन चिकनचे कुर्ते घेत फिरायचं नाही. मी नागपूरहून येऊन राहिलो ते तुम्ही निसर्गात जावं म्हणून. पहाड, जंगल, जे काय असंल ते. वहिनी चार वर्षांत घराबाहेर झोपल्या नाही, मला काय समजत नाही का?"

त्याला समजत होतं. पंचाईत तीच होती.

मी तक्ता केला. सत्तावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सुखसुद्धा तीन कोटेशनं मागवल्याशिवाय मंजूर करता येत नाही. रकाने असे : जाण्याचे दिवस, येण्याचे दिवस, उरलेले दिवस, शेरा. मुनस्यारी : पहिल्या दिवशी अल्मोडा, दुसऱ्या दिवशी मुनस्यारी, चौथ्या दिवशी परत अल्मोडा, पाचव्या दिवशी घर. उरलेला दिवस, एक. शेरा, त्या दिवशी ढग नसावेत. चोपता : उरलेला दिवस एक, आणि तोही चढाचा. दुधव्याचं जंगल : पाच तासांचा रस्ता, उरलेले दिवस चार. शेरा, वाघ दिसेलच असं नाही.

माझ्या ऑफिसातला हर्षवर्धन दरवर्षी हिमालयात जातो आणि आल्यावर आम्हाला भोगायला लावतो. त्याने मुनस्यारीचे एकशे त्रेचाळीस फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. "शशिकांतराव, एकदा पंचाचुलीची शिखरं समोर पाहा. माणूस बदलून येतो." तो स्वतः चार वेळा जाऊन आलाय. तसाच आहे.

मुलीला विचारलं. अबोली बंगळुरूला नोकरी करते, पण वाढली लखनऊत; आम्ही मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगते. "पापा, मुनस्यारी ही जाओ ना यार. दुधवा में क्या है, घास?"

सुनेत्रा मटार सोलत बसली होती. मी तक्ता तिच्यापुढे धरला. तिने तो चष्मा न लावता वाचल्यासारखा केला.

"दुधव्याला ती सफारी किती वाजता असते?"

"सकाळी सहाला. म्हणजे पाचला उठायचं."

"पाचला मी इथेही उठलेलीच असते. आणि मुनस्यारीला?"

"तिथे सूर्योदय बघायचा असतो. साडेपाच."

"चोपत्याला?"

"तिथे लोक चारला चालायला लागतात. वर देऊळ आहे."

तिने शेंगेतून दाणे काढले, त्यातला एक किडका बाजूला ठेवला. "असं एखादं ठिकाण नाही का, जिथे निसर्ग अकराला उघडतो?"

मी तक्त्यात पाहिलं. नव्हतं.

"अहो, मला झोपायचंय," ती म्हणाली. मीठ संपलंय, असं सांगावं तशी. "मला पहाड नको न् वाघ नको. मला जाड पडद्यांची एक खोली द्या आणि बाहेरून कडी लावा."

अशी खोली मला माहीत होती. हजरतगंजाच्या मागच्या गल्लीत एक हॉटेल आहे. बाहेरगावहून तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना आम्ही तिथे उतरवतो. ते सकाळी फार उशिरा उठतात, ही आमची नेहमीची तक्रार. घरापासून अंतर तेरा किलोमीटर.

"मग अनुपला सरळ सांगू या," मी म्हणालो.

"काय सांगणार? तुझ्या वहिनीला चार वर्षांची झोप काढायचीय? चांगल्या मनाने येतोय तो. त्याला ते कसं लागेल?"

खरं होतं. ते वाक्य कितीही गोड आवाजात म्हटलं असतं तरी आरोप झाला असता.

"बरं, दुधवा सांगू. जवळच्या जवळ. लहानसं खोटं."

"मुळीच नको. दुधवा सांगितलंत तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येईल. वहिनी, नाना जेवत नाहीत, पाच तासांवर तर आहात, या. मुनस्यारी सांगा. तिथून कुणी कुणाला परत बोलवत नाही."

अशा रीतीने, सर्व ठिकाणांचा साधकबाधक विचार करून, आम्ही मुनस्यारी निवडलं. तिथून लवकर परत येता येत नाही, या एकाच गुणावर.

अनुप संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन आला. सुनेत्राने त्याला सगळं शिकवलं. नानांना पाणी चमच्याने, तेही घट्ट करून. भरवताना डोकं वर. वळवताना एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, मग पाठीशी उशी. वेळापत्रक तिने कपाटावर चिकटवलं. मग अनुपने पहिल्यांदा स्वतः वळवलं.

"एवढे हलके झालेत नाना?" तो म्हणाला, आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

निघताना त्याने आमचा फोटो काढला. माझ्या डोक्यात मुद्दाम आणलेली माकडटोपी, सुनेत्राच्या अंगावर अबोलीचं जाकीट, लखनऊत बावीस अंश तापमान. सुनेत्रा नानांजवळ वाकली. "नाना, आम्ही येतो हं." नानांनी तिच्याकडे पाहिलं. बेल वाजली नव्हती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

"अल्मोड्याच्या वर रेंज नसते बरं का," मी अनुपला बजावलं. "फोन लागला नाही तर काळजी करू नको."

"तू नानांची काळजी करू नको," तो म्हणाला. "मी आहे न."

टॅक्सीने चारबाग स्टेशनला गेलो, तिथे उतरलो, आणि ऑटोने उलटे हजरतगंजला आलो. हॉटेलच्या मॅनेजरने मला ओळखलं. "सर, तपासणीवाले साहेब कधी येणार?" त्याला मी म्हटलं, या वेळी मीच. पडदे खरंच जाड होते. सुनेत्राने चप्पल काढली, जाकीट काढायचं राहिलं, आणि आडवी झाली. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी हळूच बाहेर पडलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून टोपी घातली, आणि त्या उन्हात टोपीमुळेच लोक वळून बघू लागले, म्हणून परत आलो. तिच्या शेजारी आडवा झालो. दुपारी बरोबर बारा वाजता तिने झोपेत हात लांब केला. एक माझ्या खांद्याखाली, एक कमरेखाली. डोळे मिटलेले. सफाईने मला भिंतीकडे तोंड करून वळवलं, पाठीशी उशी लावली, पांघरूण सारखं केलं आणि पुन्हा घोरू लागली. दोन वाजता या बाजूला. मी विरोध केला नाही. चार वर्षांत माझ्यासाठी कुणी इतक्या नेमाने काही केलं नव्हतं, आणि ती नानांसाठी काय करते हे मलाही पहिल्यांदाच नीट कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हर्षवर्धनच्या फोटोंतला एक निवडून अनुपला पाठवला. पाच पांढरी शिखरं, पुढे एक लाल फुलांचं झाड. खाली लिहिलं, "पंचाचुली. वाटेतूनच दिसायला लागली." अनुपने हात जोडल्याची पाच चिन्हं पाठवली आणि लिहिलं, "नानांना दाखवला. टक लावून पाहून राहिले." मग मी फोन बंद केला. मुनस्यारीला रेंज नसते, आणि माझा स्वभाव काटेकोर आहे.

त्या दिवशी संध्याकाळी सुनेत्रा उठली, आंघोळ केली, दोन शिरमाल रोट्या आणि माझ्या वाटचा कोरमासुद्धा खाल्ला. "अहो, माझे कान वाजायचे थांबले," म्हणाली. आम्ही पडदा जरासा सरकवून खालची गल्ली बघत बसलो. एक माणूस सायकलरिक्षात झोपला होता. "बघा, निसर्ग," ती म्हणाली. ती हसली. ते मी सांगून ठेवतो, कारण नंतर सांगायचं राहून जाईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला मी फोन चालू केला, आजचा फोटो पाठवावा म्हणून. फोन हातात थरथरायला लागला. अनुपचे अकरा मिस्ड कॉल, पहिला आदल्या संध्याकाळी साडेसहाचा. बघेपर्यंत बाराव्याची रिंग वाजली.

"लागला! दादा, लागला रे बाप्पा!" तो रडत होता. "कालपासून लावून राहिलो. नानांच्या छातीत घरघर सुरू झाली. सेक्टरमधले डॉक्टर दोनदा येऊन गेले. म्हणतात, दवाखान्यात नेऊन हाल करू नका, आता काही फार वेळ नाही. आज संध्याकाळ, फार तर उद्या. मी काय करू? तुम्ही तर दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे."

सुनेत्राने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

इथे मी खरं सांगायला हवं होतं. तीन शब्द होते. आम्ही हजरतगंजात आहोत. मी ते मनात जुळवलेसुद्धा. मग मला अनुपचा चेहरा दिसला. आपण बापाची घरघर एकट्याने ऐकत होतो तेव्हा भाऊ आणि वहिनी तेरा किलोमीटरवर पडदे लावून झोपले होते, फोन बंद करून. आणि त्याच्यामागे नागपूर दिसलं, चंद्रपूर दिसलं, चार वर्षं ज्यांनी मला श्रावणबाळ म्हटलं ते सगळे नातेवाईक दिसले. मी तोंड उघडलं तर त्यातून भूगोल बाहेर पडला.

"अनुप, ऐक. आम्ही वरपर्यंत गेलोच नाही. सुनेत्राला घाटात गाडी लागली. कालच परत फिरलो, रात्री बरेलीला थांबलो. आता…" बरेलीहून पाच तास होतात, पाच फार. "आता सीतापूर सोडलंय. दोन तासांत पोचतो."

"देव पावला," अनुप म्हणाला. "या. सावकाश या."

मी फोन ठेवला. मुनस्यारीवरून सीतापूरपर्यंत मी एका दमात उतरलो होतो. अठरा तासांचे दोन तास करून आणले होते. मला त्या क्षणी थोडं बरंही वाटलं.

"चला," सुनेत्रा दारापाशी उभी.

"थांब."

"कशाला?"

"सीतापूरहून दोन तास लागतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आपण सीतापूरला नाही आहोत."

"आत्ता गेलो तर अर्ध्या तासात दारात उभे राहू. काय सांगायचं? डॉक्टर संध्याकाळ म्हणालेत. फार तर उद्या. दोन तासच."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली, मांडीवर पर्स ठेवून, बसथांब्यावर बसतात तशी. "मीच म्हटलं होतं, लांबचं सांगा," ती म्हणाली. "दुधवा सांगितलं असतं तर काल रात्रीच घरी असतो."

मी बॅगा भरल्या. भरायला फारसं काही नव्हतं. लोकरीचे कपडे बाहेर निघालेच नव्हते. बॅगा दाराशी उभ्या केल्या आणि तिच्याशेजारी बसलो. पडदे बंद होते. अकरा वाजले. सव्वाअकरा.

"सिधौली आली असेल," मी म्हणालो. सीतापूर-लखनऊ रस्त्यावरचं ते गाव.

"रस्ता चांगला आहे तो," ती म्हणाली. "सिधौली मघाशीच गेली असेल."

"थंडीचे दिवस. धुकं असतं."

"अकरा वाजता कसलं धुकं? आणि तुम्ही टॅक्सीवाल्याला सांगितलं असेल ना, घरी काय झालंय? तो जोरात चालवेल. दीड तासात येतो माणूस सीतापूरहून."

"दीड तास म्हणजे फारच…"

"सतीशभाऊजी आले होते की गेल्या वर्षी, दीड तासात."

सतीशभाऊजी, तिच्या बहिणीचे यजमान, रात्री आले होते, रस्ता रिकामा होता. हे मी तिला सांगितलं. आम्ही चक्क वाद घातला. आमच्या त्या नसलेल्या टॅक्सीचा वेग किती असावा यावर दोन शिकलेली माणसं एका अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसून वाद घालत होती, आणि शेवटी पावणेदोन तासांवर तोडगा निघाला.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मी पटकन खिडकी उघडली, गल्लीतले हॉर्न ऐकू यावेत म्हणून.

"दादा, कुठं पोचला?"

"इटौंजा. आलोच."

"श्वास लांबला रे फार. मी नानांच्या कानाला लावतो, बोल काहीतरी."

त्या टोकाला घरघर ऐकू आली. विहिरीतून रिकामी बादली वर ओढताना येतो तसा आवाज, मध्येच थांबणारा. काय बोलावं? मी खिडकीबाहेर तोंड काढून म्हणालो, "नाना, आम्ही रस्त्यात आहोत. येतोच आहोत." खाली एका रिक्षावाल्याने वर पाहिलं. पलीकडून काही आलं नाही. नानांचं एकच वाक्य होतं, आणि ते दारासाठी होतं.

मी वळलो तेव्हा सुनेत्रा जिन्यात होती.

"अगं, अजून वीस मिनिटं…"

"तुम्ही या इटौंज्याहून," ती मागे न बघता म्हणाली. "मी इथून जाते."

मी दोन्ही बॅगा घेऊन तिच्यामागे धावलो. ती ऑटोत बसलीसुद्धा होती. "ऑटो नको," मी म्हणालो, "मुनस्यारीहून ऑटोने कोण येतं?" ऑटोवाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. सुनेत्रा त्याला म्हणाली, "भैया, आप चलिए. इनको बैठना होगा तो बैठेंगे." मी बसलो. वाटेत कॅंटोन्मेंटचे शांत, झाडांचे रस्ते लागले. आमच्या पूर्ण सहलीत दिसलेली तेवढीच झाडं. ती पुढच्या बारला घट्ट धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत असेल असं वाटलं. ती वेळापत्रक म्हणत होती. दहा, बारा, दोन, चार.

आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर मी ऑटो थांबवला. हो, तरीही थांबवला. घरासमोर ऑटो दिसू नये म्हणून. शेवटची दोनशे पावलं ती पळत गेली आणि मी तिच्यामागे चाकांच्या दोन बॅगा खडखडवत.

मी बेल वाजवली. दार अनुपने उघडलं. आतून कुणी काही विचारलं नाही.

"आठ मिनिटं झाली," अनुप म्हणाला, आणि माझ्या गळ्यात पडला. आम्ही कशाने आलो हे त्याने बघितलंही नाही. सुनेत्रा त्याच्या बाजूने आत गेली. खोलीत नाना डाव्या कुशीवर होते, पाठीशी उशी नीट लावलेली. तिने त्यांची पाठ पाहिली. कुठेही लाल डाग नव्हता. "बाराला वळवलं मी," अनुप दारातून लहान मुलासारखा म्हणाला. "एक वेळही चुकवली नाही, वहिनी." ती म्हणाली, "दिसतंय, भाऊजी." मग ती खाली बसली.

त्यानंतरचे दिवस फोनवर गेले. अनुप प्रत्येकाला सांगत होता. मी शेजारी बसून ऐकत होतो, कारण उठून जायलाही कारण लागतं. "दोन दिवसांचा रस्ता, काकू. पण वहिनींचा जीव वर लागेचना. अर्ध्या वाटेतून म्हणाल्या, मला परत न्या. आदल्या दिवशीच! त्यांना आतून समजलं होतं." चौथ्या फोनपर्यंत त्यात सुनेत्राला पहाटे पडलेलं स्वप्न आलं. दहाव्या दिवसापर्यंत आमच्या घराण्यात ती थोडी देवमाणूस झाली होती. नागपूरच्या मालिनीआत्याने तिला फोनवरून नमस्कार सांगितला. सुनेत्रा "हो" म्हणायची नाही, "नाही" म्हणायची नाही, फोन कानाला लावून भिंतीकडे बघायची.

तेराव्यानंतर अनुपला स्टेशनवर सोडायला गेलो. वाटेत मी ठरवलं होतं, सांगायचं. गाडी लागलेली होती. मी म्हणालो, "अनुप, एक सांगायचंय. त्या दिवशी आम्ही…"

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुला वाटते, आठ मिनिटं लवकर आलो असतो तर. नको मनात ठेवू, दादा. मी चार वर्षं काही केलं नाही. माझ्या हातून एकच गोष्ट झाली. वहिनींना तीन दिवस तरी बाहेरची हवा मिळाली. पहाड दिसला. तेवढ्यावर मी झोपतो रात्री."

गाडी सुटली. मी हात हलवला.

आठवड्याने त्याचं पार्सल आलं. आत तो फोटो, मोठा करून, सागवानी चौकटीत. पाच शिखरं, पुढे लाल फुलांचं झाड. सोबत चिठ्ठी : नानांनी शेवटी टक लावून पाहिलं ते हे. त्यांच्या फोटोशेजारी लावा.

लावला. दिवसांसाठी आलेली अबोली अजून इथेच होती. ती त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. "पापा, ये बुरांश है ना? ये तो मार्च-अप्रैल में खिलता है."

"हवामान बदललंय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि तिरपी झालेली चौकट बोटाने सरळ केली.

गेल्या रविवारी दुपारी हर्षवर्धन भेटायला आला. हात जोडून नानांच्या फोटोपुढे उभा राहिला, आणि नजर शेजारी गेली.

"वा," तो म्हणाला. "माझ्याकडेही अगदी असाच आहे. तिथे सगळ्यांचे सारखेच येतात." मग सोफ्यावर बसला आणि आवाज खाली आणला. "वहिनी, तुमचं कळलं ऑफिसात. आधीच जाणवलं म्हणे तुम्हाला. पण वाईट वाटतं हो. इतकं ठरवून गेलात. किती वेळ मिळाला शेवटी?"

"दोन तास," सुनेत्रा म्हणाली.

"अरेरे. दोन तासांत काय होतं? रस्त्यातच जातात ते." त्याने मान हलवली. "पुढच्या वेळी जास्त दिवस काढा. आता काय, मोकळ्याच आहात तुम्ही."

सुनेत्रा उठली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते. ती आतल्या खोलीत गेली, पलंगापाशी, जिथे आता फक्त गुंडाळलेली गादी होती. तिथे वाकल्यासारखी क्षणभर थांबली, आणि परत बाहेर येऊन म्हणाली, "चहा टाकते. साखर किती घेता?"